शेंड्यासकट

धारवाड,
९ नोव्हेंबर २०१०

दोड्डव्वाला नीलाचे शरणु शरणार्थी.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला अकरा दिवस लावले हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे तुझा निम्मा राग पहिल्याच ओळीत जिरेल. तुझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे अव्वाला, मी सांगितलं की पेन हरवलं. पेन कुठे हरवतंय, केसांतच खोचलेलं होतं. परवा लिहायला बसले, तर खिडकीखाली दोघं जण एका म्हशीवरून भांडायला लागले. एक म्हणे तिचं तिसरं वेत, दुसरा म्हणे पाचवं. दात बघायला तिसरा पुढे झाला, त्याला म्हशीने शिंगावर घेतलं, आणि त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत दिवस मावळला. मी का गेले ते विचारू नकोस. रिक्षात जागा होती.

तर मुद्दा. अंगडी साहेबांनी पानमळेवाल्यांच्या संघाच्या बैठकीत माझ्या मशीनचा निकाल वाचला, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. होन्नकेरीच्या नऊ पानमळ्यांपैकी चार आपल्या गावठी जवारी वेलीचे, पाच घाटाखालच्या वेलीचे. पाच मळे मुळासकट काढून जाळायचे, कारण घाटाखालची वेल स्वतः हिरवीगार दिसते आणि तिच्या मुळाशी जी कूज असते ती शेजारच्या जवारीला दोन वर्षांत संपवते. तुझा मळा चारांत आला. तुझा वाचला.

तू विचारलंस, मशीनला पान कसं कळतं, ते चावतं का? नाही चावत. पान काचेवर पालथं ठेवायचं, वर काळं फडकं टाकायचं, झाकण लावायचं. खालून उजेड फिरतो आणि पानाचं चित्र कॉम्प्युटरमध्ये जातं. मग रेघप्पा त्या पानाच्या कडेकडेने एक रेघ ओढतो आणि ती रेघ कुठे फुगते, कुठे आत जाते, टोकाला कशी मिटते ते मोजतो. एका पानाचं नाही, दोनशे पानांचं. (त्याचं खरं नाव इंग्रजी आहे आणि उच्चारताना दात दुखतात, म्हणून मी रेघप्पा म्हणते.) हा रेघप्पा कुणाच्या मालकीचा नाही. दहा देशांतल्या माणसांनी मिळून बनवलाय आणि फुकट वाटतात. आत काय शिजतंय ते कुणीही झाकण काढून बघावं, अळणी वाटलं तर मीठ घालावं, अशी त्यांची रीत. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडलेली, तरी मला कुणी ‘झाकणाला हात लावू नकोस’ म्हटलं नाही. अव्वाच्या स्वयंपाकघरात मला एवढी मोकळीक नव्हती.

आता एक काम कर. अजून दोनशे पानं पाठव. शंभर वरच्या मळ्यातली, शंभर खालच्या, वेगवेगळी बांधून. आणि दोड्डव्वा, शेंडे खुडू नकोस, देठही राहू देत. एक कागद पुरा करायचाय, बाकी काही नाही. फोनच केला असता, पण तुमचा फोन किराणा दुकानात, आणि तिथे तुझ्या शेजारच्या फकीरप्पाचा मेहुणा कान लावून बसलेला. संध्याकाळच्या बसच्या हाती दे. जमलं तर उद्याच.

तुझी,
नीला


होन्नकेरी,
१२ नोव्हेंबर

चि. नीलाला आशीर्वाद.

पत्र मिळालं. म्हशीचं वेत शेवटी कितवं निघालं ते लिहिलंच नाहीस. सगळं असंच अर्धं सोडतेस. तुझ्या आईला मी तेव्हाच म्हटलं होतं, ही पोर चूल पेटवेल आणि धूर कुठे जातो ते बघायला निघून जाईल.

इकडे दारात माणसं मावत नाहीत. चार मळ्यांत माझाच मोठा, म्हणून सगळ्यांना बेणं माझ्याकडचं द्यायचं, असं अंगडी साहेब म्हणाले. कार्तिकी पुनवेच्या, गौरी हुण्णिमेच्या, दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कडलेकोप्पचे आणि खालच्या तीन गावांचे लोक गाड्या घेऊन येतील. चार गावांत माझ्या मळ्याची वेल चढणार. तुझा दोड्डप्पा असता तर मिशीला तूप लावून फिरला असता.

फकीरप्पाचा मळा मागच्या मंगळवारी गेला. सात वर्षांच्या वेली. आता नुसते वेलींच्या आधाराचे पांगारे उभे आहेत, नागवे. तो दिवसभर त्याच्या कडेला बसतो आणि इकडे बघतो. काल मी विचारलंच, “काय बघतोस रे?”

“तुझी पानं बघतोय, वैनी.”

“जवारी आहेत. मशीनने सांगितलंय.”

“मशीन तुझ्या बहिणीच्या पोरीचं,” म्हणाला, आणि तंबाखू मळत बसला. सहा वर्षांनी तोंड उघडलं ते हे बोलायला.

आता तुझं ते शेंड्यांचं. शेंड्यासकट पानं पाठवू? धारवाडच्या पाण्याने तुझं डोकं धुऊन निघालं की काय? मी या घरात आले त्या पहिल्याच दिवशी सासूने शिकवलं: माणसाच्या हातात द्यायचं पान ओल्या फडक्याने पुसायचं, शेंडा खुडायचा, देठ खुडायचं, मग द्यायचं. शेंड्यासकट पान हातावर ठेवलं की तुमचं-आमचं संपलं. सहा वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं तेव्हा दोड्डप्पाने फकीरप्पाच्या हातावर तसं पान ठेवलं. दोड्डप्पा मरेपर्यंत ते दोघं बोलले नाहीत. आणि तू मला म्हणतेस, दोनशे पाठव!

पहिली दोनशे मी अंगणात बसून एकेक पुसून, खुडून, केळीच्या पानात बांधून पाठवली होती. मोजून झाल्यावर तुझे कॉलेजवाले साहेब लोक खातील, म्हणून. खाल्ली ना त्यांनी? काय म्हणाले?

सोबत शेंगदाण्याची गोड होळगी आहे. कागदाला तूप लागलंय, तेवढं सांभाळ.

दोड्डव्वा


धारवाड,
१४ नोव्हेंबर

दोड्डव्वा,

होळगी अजून उघडलेली नाही. हे लिहून झाल्याशिवाय उघडणार नाही असं ठरवलंय. त्यावरून समज.

मी तुला मागच्या पत्रात खोटं लिहिलं. कसलाही कागद पुरा करायचा नाहीये.

पोलंड नावाचा देश आहे, तिथे ग्राझिना नावाची बाई आहे. ती भूर्जाची पानं मोजते. रेघप्पा वापरणाऱ्यांचा एक ईमेलचा गट आहे, त्यात जो तो आपापल्या पानांची चित्रं टाकतो, म्हणजे एकाचं चुकलं तर दुसऱ्याला दिसावं. मी तुझ्या आणि फकीरप्पाच्या मळ्याची टाकली. तुझी बघून ग्राझिनाबाईंनी विचारलं, “या सगळ्या पानांची टोकं एकाच जागी तुटलेली का आहेत? तुमच्याकडे अशी कीड असते का?”

मला हसू आलं. मी लिहिलं, “तुटलेली नाहीत. पान असंच असतं.”

तिने तुझ्या पानाशेजारी फकीरप्पाच्या मळ्यातलं पान ठेवून परत पाठवलं. “मग हे कुणाचं पान आहे?”

मी दोन्ही पानं पडद्यावर मोठी करून बघितली. दोड्डव्वा, जन्मल्यापासून ज्या ज्या हाताने मला पान दिलं त्याने शेंडा खुडूनच दिलं. माझ्या डोळ्यांना तेच पूर्ण पान. दोनशे पानं मी या हातांनी काचेवर मांडली आणि एकालाही टोक नाही हे मला दिसलं नाही. अंगडी साहेबांना दिसलं नाही. ज्या बाईने आयुष्यात विडा बघितला नाही तिला पहिल्या नजरेत दिसलं.

आणि जवारी नि घाटाखालचं यांच्यातला मोठा फरक तेवढाच. जवारीचा शेंडा बोथट, घाटाखालच्याचा शेपटीसारखा लांब. शेंडाच नसेल तर रेघप्पाला प्रत्येक पान बोथट. बोथट म्हणजे जवारी. तुझा मळा त्याने जवारी ठरवला नाही. तुझ्या नखाने ठरवला.

दुसऱ्या आठ मळ्यांची पानं संघाच्या माणसांनी स्वतः तोडून, पोत्यात भरून आणली होती. तुझीही ते तोडणार होते. मीच पुढे झाले, “ती माझी दोड्डव्वा आहे, तिच्याकडे मी जाते.” निघालेही होते. गदगला बस बदलायची, तर स्टँडसमोर नाटक कंपनीचा तंबू, आणि त्यांचा पेटीवाला आजारी. तीन दिवस मी त्यांच्यात पेटीचा भाता ओढत बसले, आणि तुला निरोप धाडला की तूच पाठव. ते तीन दिवस आता माझ्या छातीवर बसलेत.

मळा जवारी असेलही. असू दे, मी नाक घासून माफी मागेन. पण आज कुणालाच माहीत नाही, आणि सोमवारी तुझं बेणं चार गावांत जाणार. घाटाखालचं निघालं तर ती कूज मी माझ्या सहीने चार गावांना वाटली असं होईल.

म्हणून सांगते: मला पूर्ण पानं दे, आणि तोवर बेण्याचा एक फाटा बाहेर जाऊ देऊ नकोस. शुक्रवारी मी अंगडी साहेबांना सांगणार आहे. त्याआधी तुला सांगावं म्हणून हे.

अजून एक विचारते आणि विचारल्याबद्दल आधीच पाया पडते. पानं मागवली त्या पहिल्या चिठ्ठीत मी दोन्ही पानांच्या शेंड्यांची चित्रं काढून तुला पाठवली होती, आठवतंय? तू मुद्दाम नाही ना खुडलीस?

नीला


होन्नकेरी,
१७ नोव्हेंबर

कु. नीलांबिका यांस,

आपलं पत्र पावलं. आपण शिकलेल्या आहात, परदेशातल्या बायकांशी आपली उठबस आहे, तेव्हा आम्हा अडाण्यांच्या नखांचा संशय येणं साहजिक आहे.

पानं आम्ही पाहुण्यांसाठी खुडली. पाहुणे कसले निघाले ते आता कळलं.

बेणं सोमवारी जाईल. मोळ्या बांधायला माणसं सांगून झालीत. आपण येण्याची तसदी घेऊ नये. आमच्या बांधाला आपला पाय लागू नये ही विनंती.

आपण मागितलं म्हणून सोबत एक पान पाठवत आहोत. शेंड्यासकट.

शिवगंगव्वा

तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस. तिला रक्तदाब आहे. आणि खालच्या मळ्याचं मला परत विचारू नकोस.


धारवाड,
१९ नोव्हेंबर

दोड्डव्वा,

पाकीट उघडलं, पान दिसलं, आणि मी काय केलं असेल? काचेवर ठेवलं. झाकण लावलं. रेघ पुरी होऊन पडद्यावर आली तेव्हा लक्षात आलं की तू मला हे मोजायला पाठवलेलं नाहीस. मग तिथेच स्टुलावर बसून रडले. शिपाई म्हणाला, “काय झालं, लाइट गेली का?” मी हो म्हटलं. वर पंखा फिरत होता.

रेघेचा शेंडा शेपटीसारखा आहे, दोड्डव्वा. पण एका पानावरून काही ठरत नाही. एखादं पान वेडंवाकडं येतंच, माझ्यासारखं. तू ते कुठल्या मळ्यातलं तोडलंस तेही मला माहीत नाही. तुला माहीत आहे.

आज अंगडी साहेबांकडे गेले.

“साहेब, शिवगंगव्वांच्या मळ्याचा निकाल चुकलाय.”

“कोण म्हणतं?”

“मीच म्हणते. आधी पोलंडच्या एका बाईंनी दाखवून दिलं.”

“त्या बाईंनी कधी पान खाल्लंय?”

“नाही. म्हणूनच तर दिसलं त्यांना.”

साहेबांनी चष्मा काढला. “हे बघ नीला. तू आज इथे, उद्या नाटकात, परवा आणखी कुठे मध गोळा करत. तुझ्या शब्दावर मी परत बैठक बोलावू? चार गावांच्या गाड्या ठरल्यात.”

“पहिली बैठकही माझ्याच शब्दावर बोलावली होती.”

“तेव्हा कागदावर शिक्का होता.”

“शिक्का तुमचाच होता, साहेब.”

यावर ते चिडले. मग जरा खाली आले. म्हणाले, “दोनशे पानं आण. पूर्ण, शेंड्यासकट, त्या मळ्यातली. सोमवारच्या आत आणलीस तर थांबवतो. नाहीतर माझ्याकडे जो कागद आहे तो खरा.”

बस पकडून येऊन तोडता आली असती. तुमचं कुंपण मला लहानपणापासून पाठ आहे, कुठल्या शेवरीपाशी वाकायचं तेही. नाही येणार. तू बांधाला पाय लावू नको म्हटलंस, आणि चोरून आणलेल्या पानांवर तू विश्वास ठेवणार नाहीस. ठेवूही नयेस.

पण एक गोष्ट केली, ती तुला कळायलाच हवी. गटावर मी लिहून टाकलं: होन्नकेरीचा तो निकाल माझी चूक आहे, तो कुणी धरू नये, कारण पानं टोकाशिवाय मोजली. ती चित्रं, तो निकाल, माझी कबुली, सगळं तिथे उघडं आहे. आता साहेबांनी शिक्क्यावर शिक्के मारले तरी मला ते मिटवता येत नाही. मिटवता येऊ नये अशीच त्याची रचना आहे. तुझ्या मळ्याचं नाव नाही घातलं, माझं घातलंय.

माझ्याशी बोलू नकोस, हवं तर वर्षभर. पण सोमवारी गाड्या आल्या की त्यांच्यासमोर तू असशील, मी नसेन. रेघप्पा नसेल, साहेब नसतील. तू एकटीच.

तुझी म्हणू की नको कळत नाही,
नीला


होन्नकेरी,
२२ नोव्हेंबर, सोमवार

चि. नीले,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. काल हुण्णिमा. पोरी नव्या परकरांत, साखरेच्या बाहुल्यांची ताटं घेऊन दारोदार आरती करत होत्या. माझ्या दारी आल्या. मी आरती घेतली, त्यांच्या हातावर खाऊ ठेवला, दार ओढून घेतलं आणि विळा घेऊन खालच्या मळ्यात गेले.

आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. पत्रात तरी तुला ते जमेल.

दुष्काळाच्या साली खालचा मळा पुरा वाळला. फकीरप्पाचाही. दोड्डप्पा आणि तो, दोघांनी एक गाडी जुंपली आणि बेणं आणायला गेले. पाचव्या दिवशी आले. निम्मं तिकडे उतरलं, निम्मं इकडे. मी विचारलं, “कुठलं?” दोड्डप्पा म्हणाला, “आपलंच.” गाडीच्या चाकाला लाल माती होती. आपल्याकडे सगळी काळी. मी परत विचारलं नाही.

पहिल्या तोडणीला त्यातलं पान तोंडात घातलं. थुंकायला हवं होतं, गिळलं. तेव्हापासून स्वतःसाठी पान मी वरच्या मळ्यातलंच तोडते. माझ्या जिभेला सात वर्षं माहीत आहे, नीले. मी तिला गप्प बसवलं.

फकीरप्पाला ते सोसलं नाही. वर्षभराने शेजारच्या मळ्यात पहिली कूज दिसली, तेव्हा तो आमच्या ओसरीवर येऊन म्हणाला, “अण्णा, संघाला सांगून टाकू. दोघांनी मिळून चूक केली, दोघं मिळून काढून टाकू.” त्यावर दोड्डप्पाने त्याच्या हातावर शेंड्यासकट पान ठेवलं. पाण्याची पाळी वगैरे आम्ही गावाला सांगितलं. तुलाही तेच लिहिलं. आणि या महिन्यात त्याचा मळा जळत होता तेव्हा तो एक शब्द बोलला असता तर माझाही त्याच दिवशी गेला असता. बोलला नाही. मी त्याला वरून सुनावलं, मशीनने सांगितलंय म्हणून.

तू विचारलंस, मुद्दाम खुडलीस का. पहिला शेकडा सवयीने खुडला. दुसऱ्या शेकड्यात खालच्या मळ्यातलं एक पान हातात आलं, लांब शेपटीचं. तुझं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझं नख थांबलं. मग परत चालू झालं. एवढंच झालं. त्याला मुद्दाम म्हणतात का, ते मला ठरवता येत नाही. तू ठरव.

आज सकाळी अकरा गाड्या आल्या. मी वाटेतच उभी राहिले.

“बेणं नाही.”

“नाही म्हणजे? मोळ्या बांधलेल्या दिसतायत की, अव्वा.”

“जाळायला बांधल्यात.”

“साहेबांचा शिक्का आहे.”

“मग शिक्काच लावा नेऊन. बघा कोंब फुटतो का.”

कडलेकोप्पचा एक तरणा पुढे येऊन म्हणाला, “म्हातारीला दुसरीकडून चांगलं गिऱ्हाईक मिळालं असेल.” त्याच्या कानाखाली वाजवणार होते. त्याऐवजी त्याला मनगटाला धरून आत नेलं आणि त्याच्याच हाताने एक मूळ उपटायला लावलं. साल त्याच्या बोटांत राहिली, आत काळं. वास आला तसं त्याने तोंड फिरवलं. बाहेर जाऊन इतरांना काय म्हणाला ठाऊक नाही, पण गाड्या वळल्या. जाताना म्हणाला, “अव्वा, वरून तर किती हिरवं दिसतंय.” मी म्हटलं, “सात वर्षं मीही तेच बघतेय.”

कालपासून चार ओळी कापल्या, सहा राहिल्या. वेल वरून सुटली की सगळं ओझं खांद्यावर येतं, ओलं. कापायचं जमतं मला. कुदळ उचलत नाही. चारही ओळींची मुळं तशीच जमिनीत आहेत, आणि मुळं राहिली तर कापून काय उपयोग? माणसं सांगितली तर उद्या गावभर होईल, होऊ दे, पण आज कुणी यायला तयार नाही. ज्यांचे मळे गेले ते का येतील? ज्यांचे वाचले ते घाबरलेत.

वरच्या मळ्याचं काय होईल माहीत नाही. पाणी वरून खाली येतं म्हणून तो आजवर टिकला, पण मध्ये नुसता एक पाट आहे. तिथली दोनशे पानं सोबतच्या टोपलीत आहेत, शेंडे आणि देठ सगळं जागच्या जागी. तुझं-माझं संपलं म्हणून नाही पाठवत. मोज. जे निघेल ते साहेबाला सांग, गटात लिही, त्या पोलंडच्या बाईलाही सांग. या वेळी नाव घाल माझं. शिवगंगव्वा, होन्नकेरी. खालचा मळा घाटाखालचा, मालकिणीला माहीत होतं, असं लिही.

दम लागला म्हणून बांधावर बसून हे लिहितेय. बस यायला अजून वेळ आहे.

पाटाच्या पलीकडून कोणीतरी येतंय. उन्हात नीट दिसत नाही.

फकीरप्पा आहे. खांद्यावर कुदळ आहे.

मी उठले नाही. हाकही मारली नाही, हे लिहीतच राहिले, नाहीतर हाताला काय करू ते कळेना. तो बांधापर्यंत आलाय. कापलेल्या ओळी बघतोय, एकेक. माझ्याकडे बघत नाही. भांडायला आलेला माणूस बांधावरूनच, पायात चपला ठेवून बोलतो. मळ्यात काम करायला उतरणाराच चपला काढतो.

तो खाली वाकलाय. काढल्या. माझ्या चपलांशेजारी ठेवल्या.